मनगटावरील दुसरी वेळ

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील लग्नसमारंभांत आणि व्यापारी मेळाव्यांत तरुण मंडळींच्या मनगटांवर एका निराळ्या तऱ्हेचे घड्याळ दिसू लागले आहे. नेहमीच्या तीन काट्यांखेरीज त्यास चौथा, बहुधा तांबडा, काटा असतो. तबकडीभोवती चोवीस आकडे कोरलेले फिरते कडे असते, आणि कित्येकांवर तर जगातील शहरांची नावे गोलाकार छापलेली असतात. हे काय म्हणून विचारले तर उत्तर मिळते, "यात दोन देशांची वेळ एकदम दिसते." वडीलधारी मंडळी यावर हसतात. एका देशाची वेळ पाळणे ज्यांना जमत नाही त्यांनी दोन देशांच्या वेळा कशाला बाळगाव्यात, असा त्यांचा रोख असतो. त्या हसण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु या चौथ्या काट्याकडे केवळ डौलाची वस्तू म्हणून पाहणे आम्हांस मान्य नाही. आपल्यासारख्या व्यापारी समाजास त्याचा खरा उपयोग आहे, आणि तो उपयोग ज्या कारणासाठी तो बहुधा विकत घेतला जातो त्याहून वेगळा आहे.

मुळात दोन वेळा सांभाळणे ही गोष्ट आपल्या घराण्यांना नवी नाही. आपल्या घरातील भिंतीवर एक घड्याळ असते आणि त्याच्याच शेजारी पंचांग किंवा तिथिदर्शिका टांगलेली असते. पहिले सरकारची वेळ सांगते, दुसरी सूर्याची. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते, आणि सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपावयाचे असते. सामायिकही दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचेच. या सर्व व्यवहारांत भिंतीवरचे घड्याळ केवळ मदतनीस असते, धनी सूर्य. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशावरून ठरविलेली आहे आणि ती १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. बेळगाव सुमारे साडेचौऱ्याहत्तर रेखांशावर आहे. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने आमच्या गावचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३२ मिनिटे मागे चालतो. बडोद्याच्या सभासदांचा सूर्य सुमारे ३७ मिनिटे मागे, इंदूरकरांचा २६ ते २७ मिनिटे, ग्वाल्हेर व हैदराबाद येथील मंडळींचा १६-१७ मिनिटे. कलकत्त्यास गेलात तर तोच सूर्य घड्याळाच्या २३ मिनिटे पुढे. म्हणजे बेळगाव व कलकत्ता या दोन पेठांमध्ये सूर्याच्या हिशेबाने पाऊण तासाहून अधिक, जवळजवळ ५५ मिनिटांचे अंतर, आणि घड्याळाच्या हिशेबाने शून्य. बेळगावी छापलेली सूर्यास्ताची वेळ पाहून कलकत्त्यात जेवावयास बसणाऱ्याचे व्रत घड्याळ कितीही बरोबर असले तरी मोडते.

ही एक वेळ सर्व देशाने निमूटपणे स्वीकारली असेही नाही. तत्पूर्वी रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत, आणि मुंबई व कलकत्ता आपापल्या वेळेने. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. १९०६ साली गिरणीकामगारांनी नव्या वेळेस विरोध केला, कारण घड्याळ पुढे सरकले म्हणजे त्यांना पहाटे अधिक लवकर उठावे लागणार होते. मुंबई शहराने आपली वेळ १९५५ पर्यंत टिकवून धरली आणि कलकत्त्याने १९४८ पर्यंत. शिवाय १९४२ ते १९४५ या युद्धकाळात सबंध देशाची घड्याळे एक तास पुढे केलेली होती. "नवी वेळ की जुनी?" हा प्रश्न त्या पिढीच्या बोलण्यात सहज येत असे. ज्या व्यापाऱ्यांनी बंदरावरची वेळ एक, आगगाडीची दुसरी आणि देरासरातील तिसरी अशी तिहेरी वेळ डोक्यात वागविली, त्यांच्या नातवाने मनगटावर दुसरा काटा बाळगला तर नवल कसले!

आता घड्याळाविषयी थोडे. १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत ग्रीनिचचे रेखावृत्त जगाचे मूळ रेखावृत्त म्हणून स्वीकारले गेले, आणि तेव्हापासून वेळेचे पट्टे मोजण्यास सर्वमान्य आरंभबिंदू मिळाला. जिनिव्हाचे घड्याळजी लुई कोतिए यांनी १९३१ साली तबकडीवरील शहरांच्या नावांभोवती चोवीस तासांचे कडे फिरविण्याची युक्ती काढली. आज दिसणारी शहरांच्या नावांची घड्याळे त्यांच्याच वंशातली. चौथ्या काट्याचे घड्याळ विमानचालकांमुळे रूढ झाले. पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने १९५४-५५ च्या सुमारास असे घड्याळ तयार केले. त्यातला जादा काटा चोवीस तासांत एकच फेरी करतो, म्हणून तिकडे रात्रीचे दोन की दुपारचे दोन हा संशय उरत नाही. हा त्याचा सर्वांत मोठा गुण, आणि बारा आकड्यांच्या दुसऱ्या छोट्या तबकडीपेक्षा आम्ही त्यास श्रेष्ठ मानतो ते एवढ्याचसाठी.

परंतु दुकानदार जे सांगत नाही ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. ही घड्याळे पूर्ण तासांच्या देशांसाठी बनविलेली आहेत. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि तो अर्धा तास सगळा घोटाळा करतो. तबकडीवर मिनिटांचा काटा एकच असतो. बेळगावात सकाळचे ९ वाजले तेव्हा दुबईत साडेसात वाजलेले असतात. मिनिटकाटा बारावर उभा असतो तो आपल्यासाठी. दुबईच्या दृष्टीने तो सहावर हवा. चौथा काटा बहुतेक घड्याळांत एकेका तासानेच सरकतो, म्हणून तो सात दाखवील किंवा आठ, साडेसात नव्हे. अर्धा तास मनात धरावा लागतो. काहींचे कडे अर्ध्या तासाच्या टप्प्याने फिरते, आणि अंकदर्शक घड्याळांत तर हा प्रश्न येतच नाही. घेण्यापूर्वी दुकानातच दुबईची वेळ लावून पाहावी. जो विक्रेता "अर्ध्या तासाचे काय एवढे" म्हणेल त्याचे दुकान सोडावे. अर्ध्या तासात उडदाचा भाव कोठल्या कोठे जातो हे त्यास ठाऊक नसते.

याउलट ज्या देशांनी आपल्याप्रमाणेच अर्ध्या तासाचा हिशेब ठेवला आहे त्यांच्याशी हे घड्याळ नीट जुळते. रंगून आपल्या बरोबर एक तास पुढे. काबूल एक तास मागे, तेहरान दोन तास मागे. हिंग व सुका मेवा यांच्या व्यापाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जेथून मसूर येते त्या दक्षिण ऑस्ट्रेलियाचे ॲडलेड चार तास पुढे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत पाच तास. नेपाळ मात्र आपल्याहून पंधरा मिनिटांनी पुढे आहे, त्याला कोणताच काटा पुरत नाही.

लंडनसाठी एक फुकटची युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे. साध्या घड्याळाची तबकडी उलटी, म्हणजे बारा खाली व सहा वर, धरून पाहिली की हिवाळ्यातील लंडनची वेळ दिसते. आपले ९ वाजले असता काटे उलट्या तबकडीवर साडेतीन दाखवितात, आणि लंडनमध्ये तेव्हा पहाटेचे साडेतीनच वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यात एक तास मिळवावा. आमच्या मनगटावर आजही चावीचे एच.एम.टी. आहे. बंगळूरच्या त्या कारखान्यात १९६१ पासून घड्याळे बनू लागली आणि तो घड्याळ व्यवसाय २०१६ साली बंद पडला. ते एवढे काम बिनतक्रार करते.

आता धान्याच्या व्यापाराकडे वळू, कारण आमचा मुख्य मुद्दा तेथे आहे. सोयाबीन, मका, गहू यांना शिकागोसारखा जागतिक सट्टाबाजार आहे. पामतेलास क्वालालंपूर आहे. कडधान्यांना तसे काही नाही. तूर, उडीद, मसूर, हरभरा यांचा जागतिक भाव कोठल्याही फलकावर लागत नाही. तो माणसे माणसांना सांगतात. रंगूनचा गोदामवाला, मोझांबिकचा संकलक, सस्कॅचेवानचा निर्यातदार, दुबईचा दलाल हे चौघे जागे असतील तेव्हाच बाजार जागा असतो. म्हणून डाळींच्या व्यापाऱ्यास परदेशाची वेळ पाहणे म्हणजे समोरचा माणूस जागा आहे की झोपला आहे, जेवत आहे की गादीवर बसला आहे, हे पाहणे होय.

या कामी काही अंतरे तोंडपाठ असावीत. टांझानिया आपल्या अडीच तास मागे. मोझांबिक व मलावी साडेतीन तास मागे. टांझानियाशी बोलताना आणखी एक दक्षता हवी. तेथील स्वाहिली बोलणारे लोक आपल्या जुन्या घटकापळांप्रमाणे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात; आपण ज्यास सकाळचे ७ म्हणू त्यास ते पहिला तास म्हणतात. "तीन वाजता बोलू" असे त्यांच्यापैकी कोणी आपल्या भाषेच्या वळणाने म्हणाला तर तो सकाळच्या नवाविषयी बोलत असेल. येथे घड्याळाचा काटा निरुपयोगी. विचारून घेणे हाच उपाय. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांत वर्षभर एकच वेळ पाळतो आणि तो आपल्या साडेअकरा तास मागे आहे. म्हणजे आपल्या घड्याळात अर्धा तास मिळवावा आणि रात्रीचा दिवस करावा: आपल्या रात्रीचे ९ म्हणजे त्यांच्या सकाळचे साडेनऊ. हरभऱ्यासाठी क्वीन्सलंडला विचारावयाचे तर ब्रिस्बेन साडेचार तास पुढे असते. आपली पेठ दुपारच्या जेवणानंतर हलू लागते तेव्हा तिकडे कचेऱ्या बंद होत असतात, म्हणून त्यांना सकाळीच गाठावे.

आमच्या पेठेतील एका व्यापाऱ्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. रंगूनहून एका विक्रेत्याने उडदाचा देकार पाठविला आणि "आज पाच वाजेपर्यंत कायम" असे कळविले. आमच्या स्नेह्यांनी ग्राहकांशी बोलून साडेचारला होकार कळविला. तेव्हा रंगूनमध्ये साडेपाच वाजून गेले होते. मधल्या काळात भाव चढला होता, आणि विक्रेत्याने मुदत संपल्याचे सांगून माल दुसऱ्यास दिला. दोघेही सचोटीचे. भांडणास जागा नव्हती, कारण पाच कोणाचे हे कोणी लिहिलेच नव्हते. सबब आमचे स्पष्ट मत असे की परदेशाशी होणाऱ्या प्रत्येक देकारात, प्रत्येक संदेशात, वेळेपुढे "भारतीय प्रमाणवेळ" किंवा त्या गावाचे नाव लिहिल्याखेरीज ती वेळ ग्राह्य धरू नये. बँकेच्या पतपत्रांची तर गोष्टच वेगळी. त्यांची मुदत जेथे कागद सादर करावयाचे त्या ठिकाणी, आणि तेथील बँकेच्या कामकाजाच्या वेळेतच, संपते.

शिकागोविषयी मात्र आमची तक्रार आहे, आणि ती आपल्याच घरातल्या मुलांविषयी आहे. १८४८ साली स्थापन झालेल्या त्या बाजाराचे दिवसाचे कामकाज तेथील साडेआठास सुरू होते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळी ७ ला आणि हिवाळ्यात ८ ला. ते संपते तेव्हा येथे उन्हाळ्यात मध्यरात्र व्हावयास दहा मिनिटे उरलेली असतात, आणि हिवाळ्यात एक वाजावयास तेवढीच. अमेरिकी शेतकी खात्याचा पीक-पुरवठ्याचा मासिक अंदाज वॉशिंग्टनच्या दुपारी बाराला प्रसिद्ध होतो; तो येथे रात्री साडेनऊ वा साडेदहाला येतो. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारी नियामकाने आपल्या देशातील हरभरा, गहू, सोयाबीन आदींचे वायदे थांबविल्यापासून कित्येक तरुणांची नजर शिकागोकडे अधिकच लागली. सोयाबीनचा व्यापार करणाऱ्या इंदूरच्या पेठेस तो आकडा पाहणे आवश्यक आहे हे आम्ही मान्य करतो. पण महिन्यातून एका रात्री अंदाज पाहणे निराळे आणि रोज रात्री एकपर्यंत पडद्यासमोर बसणे निराळे. जो मुलगा रात्रभर शिकागोत असतो तो सकाळी आठला गाड्या लागतात तेव्हा बेळगावात नसतो. नमुना हातात घेऊन दाणा दाताखाली फोडून पाहण्याचे काम त्याच्या झोपेत दुसऱ्याच्या हाती जाते. मनगटावर शिकागोची वेळ लावावी, ती त्या बाजारास आपल्या दिवसातील कोणता अर्धा तास द्यावयाचा हे ठरविण्यासाठी. सगळी रात्र देण्यासाठी नव्हे.

घरातला उपयोग याहून जवळचा आहे. आपल्या बहुतेक कुटुंबांतील कोणी ना कोणी दुबई, लेस्टर किंवा न्यू जर्सी येथे असते. आई रात्री दहापर्यंत जागते, मुलाचा फोन येईल म्हणून. मुलगा तिकडे भर दुपारच्या कामात असतो आणि फोन उरकून टाकतो. दोघांनाही वाटते की समोरच्यास आपली किंमत नाही. न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. आपल्या सकाळी सातला तिकडे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेआठ असतात. त्याचे काम संपलेले, तिचे सामायिक झालेले. ही वेळ दोघांच्याही निवांतपणाची. अमेरिकेची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात, आणि कोणतेही साधे घड्याळ हा बदल आपण होऊन करीत नाही. त्या दोन रविवारी काटा हाताने सरकवावा लागतो. आमच्या मते चौथा काटा घेण्याचा पहिला हक्क त्या मातेचा आहे. लग्नात मिरविणाऱ्या मुलाचा नंतर.

प्रवासात कोणती वेळ कोठे लावावी याविषयी मतभेद आढळतो. काही जण मुख्य काटे घरच्या वेळेवर ठेवतात आणि परक्या गावची वेळ चौथ्या काट्याकडे सोपवितात. दोन दिवसांच्या दुबई फेरीस ते चालेल. एरवी हे उफराटे आहे. ज्या गावचे पाणी पिता तेथील वेळ मुख्य काट्यांनी दाखवावी, आणि घर चौथ्या काट्यावर असावे, म्हणजे घरी कोण झोपले आहे याची आठवण राहते. ज्या घड्याळात तासकाटा एकटाच पुढेमागे उडी घेतो आणि मिनिटे व चौथा काटा हलत नाहीत, ते प्रवासी व्यापाऱ्यास सोयीचे. ज्यात केवळ चौथाच काटा सरकतो ते गादीवर बसून परदेशी बोलणाऱ्यास. विकत घेताना हा भेद विचारावा.

व्रतस्थ माणसास मात्र यापैकी कोणतेही घड्याळ पुरे पडत नाही, हे सांगितलेच पाहिजे. लंडनमध्ये जूनअखेरीस सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात दुपारी चार वाजण्याच्या आधीच. तेथे जाणाऱ्या आमच्या एका नातलगांनी घरच्या सवयीप्रमाणे सायंकाळी सहाला जेवण आटोपण्याचा क्रम ठेवला. जूनमध्ये तो अकारण कडक होता, आणि डिसेंबरात व्रतभंगाचा. नियम डोक्यावरच्या सूर्याचा आहे, मनगटावरच्या काट्याचा नव्हे. म्हणून जेथे जावयाचे तेथील सूर्योदय-सूर्यास्त कागदावर लिहून बरोबर न्यावेत. लेस्टरच्या १९८८ साली प्रतिष्ठा झालेल्या मंदिरासारख्या ठिकाणी गेल्यास तेथील श्रावकांकडून ही माहिती सहज मिळते. दुपारी मुंबईहून पश्चिमेस निघालेले विमान सूर्याच्या मागोमाग धावते, आणि खाली घरी रात्र झाली तरी खिडकीत ऊन असते; अशा वेळी चौविहार कधी घ्यावा हा प्रश्न आम्हांस सुटलेला नाही. मुनिमहाराजांना विचारावे तर ते आयुष्यभर पायी विहार करणारे. ज्यांनी वाहनास स्पर्श केला नाही त्यांच्यापुढे विमानातला प्रश्न ठेवण्याचा आम्हांस संकोच वाटतो. आम्ही स्वतः घरच्या सूर्यास्तापूर्वी खाणे संपवावे या पक्षाचे आहोत, कारण घरच्या सूर्यास्ताची वेळ निघण्यापूर्वीच पंचांगात पाहता येते आणि चौथ्या काट्याकडे पाहून ती ऐन वेळी पाळता येते.

मोबाईल असता हे घड्याळ हवेच कशाला, असा आक्षेप हमखास येतो. मोबाईल परदेशी उतरताच आपली वेळ स्वतःच बदलतो, आणि घरची वेळ पाहावयाची तर ती शोधावी लागते. शोधता शोधता चार संदेश दिसतात, दोन भाव दिसतात, आणि आपण कशासाठी तो हाती घेतला हेच विसरते. मनगटाकडे पाहणे क्षणाचे काम. किमतीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही लाखांची घड्याळे घेण्याची ऐपत आपल्यातील पुष्कळांस असेल, पण अपरिग्रहाचे व्रत घेणाऱ्या समाजात त्या लाखांचा हिशेब कोठे लिहावयाचा हे ज्याने त्याने ठरवावे. काम तेवढेच हवे असेल तर कॅसिओचे काही हजारांत मिळणारे, ४८ शहरांची वेळ देणारे अंकदर्शक घड्याळ ते करते, अर्ध्या तासासकट. ते लग्नात शोभत नाही, एवढाच त्याचा दोष.

आपल्या असोसिएशनच्या कार्यकारी मंडळास आमची एक सूचना आहे. दरवर्षी सभासदांना जी दैनंदिनी वाटली जाते तीत देवदेवतांच्या रंगीत चित्रांना चार पाने जातात. त्यांतील एक पान कमी करून तेथे आपल्या सभासदांच्या प्रत्येक केंद्राचा स्थानिक सूर्य प्रमाणवेळेच्या किती मिनिटे मागे अथवा पुढे आहे याचे कोष्टक द्यावे. त्याखाली रंगून, दारेसलाम, दुबई, रेजायना, ब्रिस्बेन, ॲडलेड, लंडन, शिकागो व न्यूयॉर्क यांची अंतरे आणि घड्याळे बदलण्याचे रविवार छापावेत. छपाईचा खर्च आहे तेवढाच राहील. पान दैनंदिनीच्या मध्यभागी असावे, पाठीमागे नको. पाठीमागची पाने आमच्या पेठेत भाव टिपण्यास फाडली जातात.